तक्रारवहीचं पहिलं पान

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, तू दुधासारखी आहेस, जरा पाठ फिरवली की उतू जातेस. असेन. पण त्या गुरुवारी मला जो राग आला तो उतू जाण्यातला नव्हता. तो बुडाशी लागला आणि अजून खरवडून निघालेला नाही.

माझं काम परीक्षकाचं. शाळेतल्या परीक्षा नव्हेत. प्रवास आणि पर्यटनाच्या धंद्यात जी मुलं नोकरी करता करता शिकतात, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन मी बघते की त्यांना खरंच काही येतं का. येत असेल तर सही करते. हे लोकांना समजावून सांगण्यात माझी अर्धी हयात गेली. माझा दीर दर वेळी जेवताना विचारतो, "वहिनी, तुमची ती लेव्हल तीन म्हणजे शाळेतली तिसरीच ना?" आणि स्वतःच हसतो. म्हणून एकदाच सांगते. पहिल्या स्तरावर नकाशा कसा वाचायचा, वेळापत्रक कसं बघायचं, माणसाशी बोलायचं कसं, एवढं शिकवतात. दुसऱ्या स्तरावर काउंटरवर बसवतात, पण शेजारी कुणीतरी जाणतं लागतं. तिसऱ्यावर गिऱ्हाईक तुमच्या एकट्याच्या भरवशावर: तिकीट, हॉटेल, व्हिसा, विमा, आणि काही बिनसलं तर ते निस्तरणंही. चौथ्यावर तुम्ही हाताखालच्या माणसांना सांभाळता. पाचवा पार केलेल्यांनी कार्यालय चालवावं अशी अपेक्षा असते. इथे तीन तास पेपर लिहून कुणी पास होत नाही. केलेल्या कामाचा पुरावा लागतो. प्रत्येक स्तराचे घटक ठरलेले, आणि प्रत्येक घटकापुढे माझी सही. एक सही राहिली तरी प्रमाणपत्र नाही.

त्या मुलीची एकच सही राहिली होती.

तिसऱ्या स्तराचे बारा घटक असतात. अकरा तिने पहिल्या दीड वर्षात हातावेगळे केले होते, आणि तेही असे की तिची फाइल मी दुसऱ्या मुलांना नमुना म्हणून दाखवत असे. घोडं अडलं होतं बाराव्यावर. बारावा घटक, 'ग्राहकाची तक्रार हाताळणे'. बाकीच्या घटकांत लुटुपुटीचा प्रसंग चालतो. मी गिऱ्हाईक होते, तू मला सहलीची माहिती दे, असं करता येतं. बाराव्यात ते चालत नाही. तक्रार खऱ्या गिऱ्हाइकाची हवी, लेखी हवी आणि ती निस्तरल्याच्या कागदावर शिकाऊ मुलीचं स्वतःचं नाव हवं. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. ज्याने केला त्याने आयुष्यात कधी नीटनेटकं काम करणारं माणूस पाहिलेलं नसावं. कारण ही मुलगी गिऱ्हाइकाला तक्रारीची संधीच देत नव्हती. सगळ्यांचे प्रवास सुखाचे होत होते आणि ती नापास होत होती.

शिकाऊ नोंदणी तीन वर्षांची असते. तिची शुक्रवारी संपत होती. ती संपली की अकराच्या अकरा सह्या रद्द, आणि पुन्हा दुसऱ्या स्तरापासून सुरुवात. मी गुरुवारी गेले.

ते कार्यालय मला पाठ झालं होतं. दाराला पितळी घंटी. आत शिरल्यावर डावीकडे दोन काउंटर. पैकी एक दोन वर्षांपासून रिकामं, कारण तिथली जुनी बाई सोडून गेल्यावर तिचंही काम या मुलीकडेच आलं. भिंतीवर समुद्रकिनाऱ्यांची पोस्टरं, ऊन लागून लागून त्यांतला समुद्र पांढरा पडलेला. गिऱ्हाइकांच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी. आणि मागच्या काचेच्या केबिनच्या वर, रांगेत, पाच ढाली. मुख्य कार्यालयाकडून मिळालेल्या. प्रत्येकीवर एकच मजकूर: 'शून्य तक्रारी'. फक्त साल वेगळं.

केबिनमध्ये व्यवस्थापक बसतो. माणूस इतका गुळगुळीत बोलतो की मी मनातल्या मनात त्याला लोणी म्हणते. लोणी मुलीला नावाने हाक मारत नाही. "शिकाऊ, फाइल आण. शिकाऊ, हॉटेलला फोन लाव." तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावरही तेच लिहिलंय. गिऱ्हाइकं मात्र दारातूनच विचारतात, "ती मुलगी आहे का? नसेल तर उद्या येतो."

त्या दिवशी मुलीने मला बसायला सांगितलं आणि फाइल पुढे केली.

"मॅडम, तक्रार आली."

मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. कुणाचा तरी प्रवास बिघडला म्हणून मी खूश झाले. चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान. बाईंचे दोन्ही गुडघे दुखरे. तळ्यातल्या बेटावर जाणाऱ्या बोटीच्या फेरीसाठी तीन दिवसांची सहल. हॉटेलात तळमजल्याची खोली मागितली होती, मिळाली तिसऱ्या मजल्यावरची, आणि लिफ्ट नाही. बाईंनी संध्याकाळी तक्रारीचा मेल केला. पुढचं सगळं मुलीने मिनिटामिनिटाने लिहून ठेवलं होतं. चार मिनिटांत फोन. मधे न तोडता ऐकून घेतलं. चूक आमची आहे, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. सहा हॉटेलांना फोन. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या हॉटेलात तळमजल्यावर हलवलं. त्यानंतर रोज सकाळी विचारपूस. शेवटी बाईंचं आभाराचं पत्र, सुवाच्य अक्षरात: 'चुका सगळ्यांच्या होतात, पण तुमच्यासारखी निस्तरणारी माणसं कमी.' नियमपुस्तिकेत जे जे मागितलंय ते सगळं होतं, आणि त्याच क्रमाने होतं. मी पेनचं टोपण काढलं.

आणि मग सवयीने मी मूळ नोंद बघितली. बुकिंगच्या फॉर्मवर मुलीच्याच अक्षरात स्पष्ट होतं, 'गुडघेदुखी, तळमजलाच हवा', खाली दोन रेघा. हॉटेलला पाठवलेल्या संदेशात ती ओळ नव्हती. या मुलीचे हॉटेलांना पाठवलेले चाळीसेक संदेश मी तीन वर्षांत वाचले असतील. गिऱ्हाइकाची अडचण नेहमी पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत. या एकाच संदेशात पहिली ओळ गायब होती.

"ही ओळ कुठे गेली?"

"राहिली, मॅडम."

"तुझ्या हातून?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. स्टेपलरमध्ये पिना भरत बसली. तो आधीच भरलेला होता.

"हे तू मुद्दाम केलंस," मी म्हटलं.

"हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज चढवायचा नाही म्हणून मी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? म्हाताऱ्या बाईला तू जिने चढायला लावलेस?"

"मी आठ दिवस चूक शोधत होते, मॅडम." ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "सगळ्यात कमी त्रासाची. पासपोर्टच्या नंबरात केली तर प्रवासच बुडतो. विमानाच्या वेळेत केली तरी तेच. विम्यात तर करवतच नाही. मला वाटलं, खोलीची चूक तासाभरात दुरुस्त करता येईल. त्या हॉटेलात तळमजल्याच्या नेहमी दोन खोल्या रिकाम्या असतात. त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. आसपासही कुठे जागा नव्हती. त्यांना एक रात्र वरच काढावी लागली."

"आणि?"

"चोपन्न पायऱ्या आहेत. मी हॉटेलवाल्याला मोजायला लावल्या. सकाळी बाईंचा गुडघा सुजला. बोटीची फेरी चुकली."

ज्या फेरीसाठी बाई गेल्या होत्या तीच. आणि हे सगळं सोसून वर त्यांनी हिचेच आभार मानले होते, आणि ते आभार हिने पंच करून पुरावा क्रमांक नऊ म्हणून फाइलला लावले होते. मला त्या कागदाकडे बघवेना.

"तुला असं करायला सांगितलं कुणी?"

आता तिने मान वर केली. "तुम्हीच म्हणालात, मॅडम. मागच्या वेळी, जाताना. एक तक्रार आणून दाखव, मी डोळे झाकून सही करते."

म्हणाले होते मी. एक हात दाराला, खांद्याला पिशवी, पुढच्या ठिकाणी जायचा उशीर झालेला. ती काहीतरी विचारायला मागे आली होती आणि मी ते वाक्य पाठीमागे फेकून निघून गेले होते. माझ्या लेखी ती थट्टा होती. तिच्या लेखी तो एवढाच रस्ता उरला होता.

रागात माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतं, तसं मीही केलं. "तीन वर्षांत खरी तक्रार एकही आली नाही, यावर माझा विश्वास नाही. तू कितीही नीट काम कर. विमानं उशिरा सुटतात, सामान हरवतं, पाऊस पडतो. लोक पावसाचीसुद्धा तक्रार करतात."

तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एक फोल्डर उघडलं. त्यात सात पत्रं होती. हरवलेली बॅग, बंद पडलेली बस, व्हिसाला झालेला उशीर. सातही दिलगिरीची. मी दोनच वाचली आणि भाषा ओळखली. पहिल्या वाक्यात चूक कबूल, दुसऱ्यात उपाय, तिसऱ्यात तारीख. खाली नाव लोण्याचं.

"ही तू लिहिलीस."

"पत्रंही मीच लिहिली, फोनही मीच केले. तक्रार आली की सर गिऱ्हाइकाला आत नेतात, चहा देतात, आणि लेखी काही राहू देत नाहीत. मग मला सांगतात, एक छान पत्र कर, मी सही करतो."

"मग हे मला आधी दाखवायला काय झालं होतं?"

"दाखवलं होतं. गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, नाव साहेबांचं आहे, हे चालत नाही."

तेही मी म्हणाले होते. नियम म्हणून बरोबरच होतं. सात वेळा तिने बारावा घटक पार केला होता आणि मी नाव बघून पान उलटलं होतं. मला त्या क्षणी माझी ती चामड्याची पिशवी, तो शिक्का आणि ती नियमपुस्तिका समोरच्या पांढऱ्या समुद्रात फेकून द्यावीशी वाटली.

केबिनचं दार उघडलं आणि लोणी बाहेर आला. "काय मॅडम, आमची शिकाऊ पास की नाही? नसली तरी घाई काय आहे. लहान आहे अजून. पुन्हा नोंदणी करू."

"पुन्हा नोंदणी म्हणजे पुन्हा दुसऱ्या स्तरापासून," मी म्हटलं. "तीन वर्षं पाण्यात. आणि तुम्हाला आणखी तीन वर्षं दोन काउंटरचं काम एका शिकाऊकडून."

तो हसला. असल्या माणसांना टोचलेलं कळतं, पण ते लावून घेत नाहीत.

"एक कागद हवाय तुमच्याकडून," मी म्हटलं. "ही सात पत्रं हिने लिहिली आणि त्या सात तक्रारी हिने निस्तरल्या, एवढंच. तुमची सही. मी आजच्या आज हिचं काम पुरं करते."

"कुठल्या तक्रारी?" लोणी म्हणाला आणि ढालींकडे पाहिलं. अगदी सहज, देवाच्या तसबिरीकडे बघावं तसं. "आमच्याकडे तक्रारच नाही, मॅडम. वाटल्यास मुख्य कार्यालयाला विचारा. काही लोक येतात, मन मोकळं करतात, चहा पिऊन जातात. त्याला तक्रार कसं म्हणायचं?"

मी मुलीकडे पाहिलं. ती मूग गिळून बसली होती. तीन वर्षांत ती तेवढं नक्की शिकली होती आणि त्या घटकापुढे मात्र कुणाच्या सहीची गरज लागली नव्हती.

मी फाइलमधून तक्रारीचे सगळे कागद काढून तिच्यापुढे ठेवले. "हे मी धरणार नाही. कुणाचा तरी गुडघा सुजवून मिळवलेल्या कागदावर मी सही करत नाही."

"कळलं, मॅडम."

"आणि दुसरं. बाईंना फोन कर. काय केलंस ते सांग."

लोण्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "अहो, कशाला? त्या खूश आहेत. आभाराचं पत्र दिलंय त्यांनी."

"म्हणूनच," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या वेळी पास-नापास काही नव्हतं. मला फक्त तिला शिक्षा करायची होती. आणि लोण्याला, आणि मलाही. तिने फोन उचलला. नंबर तिला पाठ होता. "बाई, मी प्रवास कार्यालयातून बोलतेय. तुमची खोली चुकून वरची मिळाली नव्हती. मी तळमजल्याची ओळ मुद्दाम काढली होती. मला परीक्षेसाठी एक तक्रार हवी होती." एवढंच. कारणं नाहीत, रडणं नाही. पलीकडून बाई काहीतरी थोडकंच बोलल्या. मग तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"मी येते म्हणाल्या."

पाऊण तासाने घंटी वाजली. मुख्याध्यापिका आत आल्या, एका हातात काठी, दुसरा हात यजमानांच्या खांद्यावर. उंच, करकरीत इस्त्रीचे कपडे, आणि उजव्या गुडघ्यावर कपड्यांतूनही दिसणारा जाड पट्टा. लोणी दोन्ही हात पसरून पुढे धावला. "या, या, आत बसू. निवांत बोलू. चहा सांगतो."

"मला निवांत बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "मला हिच्याशी बोलायचंय. इथेच."

फाटक्या खुर्चीवर बसायला त्यांना वेळ लागला. यजमान मागे उभे राहिले, हातात बाईंची पर्स धरून. मुलगीही काउंटरमागे उभी राहिली. मी बाजूच्या रिकाम्या काउंटरला टेकून होते.

"छत्तीस वर्षं मी मुलांना कॉपी करताना पकडलं," बाई म्हणाल्या. "बाकाखाली पुस्तक, तळहातावर सूत्रं, सगळं बघितलं. पण परीक्षेसाठी दुसऱ्याचा पाय वापरणारी तू पहिली. ती बोट वर्षातून दीड महिना चालते, ठाऊक आहे ना तुला? मी निवृत्त झाले त्या दिवसापासून म्हणत होते, एकदा बेटावर जायचं. पुढच्या वर्षी हे गुडघे मला तिथवर नेतील की नाही, कोण जाणे. आणि मी तुला आभाराचं पत्र लिहिलं. घरी मोठ्याने वाचून दाखवलं यांना. मला मूर्ख बनवलंस तू."

मधे तिने एक शब्द काढला नाही. 'पण' म्हणाली नाही. बाई थांबल्या तरी ती लगेच बोलली नाही, त्यांचं खरंच संपलंय का ते पाहत राहिली. हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवते आणि शंभरात दोघांना जमतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमची फेरी मी परत आणून देऊ शकत नाही. काही देते म्हटलं तर ते खोटं होईल. तुम्हाला काय हवंय, ते सांगा."

"मला ते पत्र परत हवंय."

मुलीने पुरावा क्रमांक नऊ उचलून दिला. बाईंनी त्याची चौघडी केली आणि यजमानांकडे हात केला. त्यांनी पर्स उघडून धरली.

"आणि तक्रार लिहून हवी आहे," बाई म्हणाल्या. "नीट वहीत. नाव घालून."

"अहो बाई, एवढं कशाला," लोणी म्हणाला. "मी स्वतः तुम्हाला पत्र देतो ना. शिकाऊ, एक छान पत्र..."

मुलगी खाली वाकली. सगळ्यात खालचा खण उघडला आणि तक्रारवही काढली. प्रत्येक कार्यालयात ती गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवायची असते. ही अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होती. तिने नखाने वेष्टन फाडलं, कोरं करकरीत पहिलं पान उघडलं, वर तारीख आणि वेळ घातली आणि क्रमांकाच्या जागी एक लिहिलं.

बाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "निष्काळजीपणामुळे खोली चुकीची मिळाली, असं लिही."

"निष्काळजीपणामुळे नाही, बाई," मुलगी म्हणाली. "जाणूनबुजून. तसं लिहू?"

बाई म्हणाल्या, "लिही."

'जबाबदार कर्मचारी' या रकान्यात तिने स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग सगळी तक्रार सुरुवातीपासून वाचून दाखवली, बाईंची सही घेतली, प्रत दिली. "कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार आजच मुख्य कार्यालयाला जाते," ती म्हणाली. "सात दिवसांत तुम्हाला तिकडून फोन येईल. तो मी करणार नाही, माझ्याबद्दल आहे म्हणून. नाही आला तर हा नंबर, आणि हा तक्रार क्रमांक."

"ते पान फाड," लोणी म्हणाला. आवाजातलं लोणी वितळून गेलं होतं. "आत्ताच्या आत्ता. तुला कळतंय का, नोकरी जाईल तुझी."

"पानांवर छापील क्रमांक आहेत, सर," मुलगी म्हणाली. तिने पान स्कॅन केलं आणि पाठवून दिलं. पाठवताना तिने बोट जरा जास्तच वेळ दाबून धरलं, एवढंच मला दिसलं.

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही कोण? मघापासून उभ्या आहात."

"मी हिची परीक्षक."

"मग परीक्षा झाली का?"

मी फाइल ओढून घेतली आणि बाराव्या घटकाचं पान काढलं. तक्रार खरी होती. गिऱ्हाईक खरं होतं, सगळं लेखी होतं, नाव तिचं होतं. ऐकून घेणं, चूक मान्य करणं, खोटी आश्वासनं न देणं, नोंद करणं, वर पाठवणं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. चूकही तिनेच केली होती, याला पुस्तिकेत रकाना नाही. एखाद्या परीक्षकाने नसती केली सही. मी खूप वर्षं तो एखादा परीक्षक होते. मी बाईंनाच विचारलं, "तुमची हरकत असेल तर मी थांबते."

"माझी तक्रार तिच्याविरुद्ध आहे," बाई म्हणाल्या. "ती मी मागे घेणार नाही. तिने ती कशी लिहून घेतली, याबद्दल माझी काही तक्रार नाही."

मी सही केली, शिक्का मारला. तिची नोकरी राहणार नव्हती हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण तिसरा स्तर आता तिचा होता, तो लोण्याच्या खणात राहणार नव्हता. बाई काठीवर जोर देऊन उठल्या. मुलीने दार उघडून धरलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही आणि आभारही मानले नाहीत. घंटी वाजली आणि दार बंद झालं.

लोणी केबिनमध्ये जाऊन मोठमोठ्याने फोनवर बोलू लागला. मुलगी वही मिटायला लागली.

"मिटू नकोस," मी म्हटलं आणि जाऊन त्या फाटक्या खुर्चीवर बसले. चिकटपट्टी मांडीला टोचली. "माझीपण एक तक्रार लिहून घे. सात पत्रांची. तीन वर्षांची."

ती उभीच होती. तिला वाटलं, मी अजून रागात बोलतेय. मी रागातच होते. मग तिने पान उलटलं, तारीख घातली, वेळ घातली आणि क्रमांकाच्या जागी दोन लिहिलं. बिल्ला नीट केला आणि पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं, कुठल्याही गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे, मॅडम?"

"दोघांविरुद्ध," मी म्हटलं. "आधी माझं नाव लिही."